लेस विणणारी आई : संत झेली मार्टिन

दरवर्षी १२ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत लुई व संत झेली मार्टिन या दांपत्याचा सण पाळते. लिझ्यूच्या संत तेरेजेचे, म्हणजे आपण जिला बाळ येशूची तेरेजा म्हणतो तिचे, हे आईवडील. तेरेजेचे चित्र आपल्या पुष्कळ घरांत आहे. तिच्या हातातला क्रूस आणि गुलाबाची फुले लहान मुलेही ओळखतात. तिच्या आईविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. ही आई पाच मुलींचा संसार सांभाळून सुईची लेस करणारी आणि इतर बायकांकडून करवून घेणारी कारागीर होती. हल्ली आपल्या धर्मग्रामातील काही भगिनी हौसेने टॅटिंग व लेसकाम शिकू लागल्या आहेत. त्यांना तर ही बाई आपल्यातलीच वाटेल.

झेली गेरँ हिचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, आलांसों शहराजवळच्या एका खेड्यात झाला. (आपल्या सावित्रीबाई फुले यांचा जन्मही त्याच वर्षीचा, ३ जानेवारीचा.) वडील नेपोलियनच्या सैन्यात लढलेले आणि पुढे पोलीस शिपाई झालेले. आई धार्मिक होती, पण हाताची व जिभेची कडक. झेलीला लहानपणी एक बाहुलीसुद्धा मिळाली नाही. डोके सतत दुखायचे. आपले बालपण दुःखात गेले असे तिने मोठेपणी भावाला पत्रात कळवले होते. थोरली बहीण मारी-लुईज हीच तिची मैत्रीण. धाकटा भाऊ इझिडोर हा घरातला लाडका. १८४४ मध्ये हे कुटुंब आलांसोंला सेंट ब्लेज रस्त्यावरच्या घरात राहायला आले आणि मुली सिस्टरांच्या शाळेत जाऊ लागल्या.

झेलीला धर्मभगिनी व्हायचे होते. संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या डॉटर्स ऑफ चॅरिटी आलांसोंच्या इस्पितळात रुग्णसेवा करीत असत. आईला बरोबर घेऊन ती तिथल्या मदर सुपिरियरना भेटली. मदरनी स्पष्ट नकार दिला. तब्येत नाजूक म्हणून असेल, की आणखी कशामुळे, यावर चरित्रकारांनी बरेच लिहिले आहे. विशीच्या आतल्या मुलीला तो नकार किती लागला असेल, ते समजायला चरित्रकार नको. घरात पैसा बेताचा होता, हुंडा देण्याची ऐपत नव्हती आणि मठाचे दारही लागलेले. आता करायचे काय?

८ डिसेंबर १८५१, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. झेली आपल्या खोलीत कामात होती. एकाएकी तिला आतून स्पष्ट जाणवले की आपण आलांसोंची लेस तयार करवून घ्यावी. कुठला साक्षात्कार नाही, दिवा नाही, देवदूत नाही. एका धंद्याचे नाव तेवढे मनात आले. झेलीने ते मरियेकडून आलेले उत्तर मानले आणि लगेच लेसच्या शाळेत नाव घातले.

ही लेस म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. कारण आपण सर्वच जाळीदार कामाला लेस म्हणतो. क्रोशाची लेस एका आकड्याने होते. टॅटिंगला होडीच्या आकाराचे छोटे शटल लागते. त्यावर दोरा गुंडाळायचा, डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचे कडे धरायचे आणि शटल आतबाहेर फिरवून त्यावर जोडगाठी चढवायच्या. मग दोरा ओढला की कडे आवळून पाकळी तयार होते. पाकळ्यांना मधे मधे बारीक फासे सोडतात आणि त्या फाशांतून पुढची पाकळी जोडतात. टॅटिंगची गाठ एकदा आवळली की सोडवणे फार कठीण, हे शिकणाऱ्या भगिनींना आतापर्यंत कळलेच असेल! पण सामान खिशात मावते आणि बस येईपर्यंतसुद्धा चार पाकळ्या होतात, म्हणून हौसेला ते बरे.

आलांसोंची लेस याहून वेगळी. तिला आकडा नाही की शटल नाही, फक्त सुई आणि अतिशय बारीक दोरा. ती कापडावर करायचे भरतकामही नव्हे, कारण शेवटी खाली कापड उरतच नाही. आधी नक्षी चर्मपत्रावर काढून तिच्या रेषांवर सुईने जवळजवळ भोके पाडतात. ते चर्मपत्र दुहेरी कापडावर शिवतात. मग भोकांच्या ओळीने दोरा ठेवून तो बारीक टाक्यांनी अडकवतात. हा झाला सांगाडा. त्याच्या आधाराने, आपण काज करताना घालतो तसले टाके हवेतच एकात एक घालत जाळी करायची. पानाफुलांचे पोट दाट टाक्यांनी भरायचे आणि कडा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत घोड्याचा केस घालून त्यावर टाके घ्यायचे. सगळे झाले की दुहेरी कापडाच्या दोन थरांमधून पाते फिरवून खालचे टाके कापतात आणि लेस अलगद सुटते. उरलेली दोऱ्याची टोके चिमट्याने वेचायची, शेवंडाच्या (मोठ्या समुद्री झिंग्याच्या) नांगीने घासून नक्षीला झळाळी आणायची आणि शेवटी तुकड्याला तुकडा जोडायचा. आज या लेसच्या एका चौरस सेंटीमीटरला सुमारे सात तास लागतात आणि पूर्ण कला हाती यायला सात ते दहा वर्षे जातात. २०१० मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

एवढी पायरी-पायरीची कामे असल्यामुळे एक बाई सहसा एकाच पायरीत तरबेज होई. कोणी जाळी करी, कोणी कडा, कोणी भरणी. झेलीचे खास कौशल्य जोडणीचे होते. निरनिराळ्या बायकांनी निरनिराळ्या घरी केलेले तुकडे ती असे जोडी की सांधा शोधूनही सापडू नये. तुकडा फाटका किंवा सदोष आला तर दुरुस्तीही तिच्याच हातची. सर्वांत नाजूक आणि सर्वांत कमी दिसणारे काम हेच.

१८५३ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आसपास तिने बहिणीच्या मदतीने राहत्या घरीच धंदा सुरू केला. त्याच काळात आपल्या नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार बाई मुलींच्या शाळा चालवीत होत्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडेच घेतले. मुलीने शिकावे, कमवावे ही गोष्ट तेव्हा तिकडेही फार सोपी नव्हती, एवढेच या निमित्ताने लक्षात घ्यावे. झेली पॅरिसच्या पिगाश पेढीसाठी माल तयार करी. १८५८ च्या आलांसों येथील प्रदर्शनात या पेढीला रौप्यपदक मिळाले, तेव्हा झेलीच्या देखरेखीखाली झालेल्या कामाची वाखाणणी झाली.

याच वर्षी बहीण मारी-लुईज ल मान्स शहरातील व्हिजिटेशन मठात गेली आणि झेली एकटी पडली. तिच्याबरोबर लेसच्या वर्गात येणाऱ्या एका प्रौढ बाईंनी ही मुलगी हेरून ठेवली होती. त्या लुई मार्टिन या घड्याळजीच्या आई. लुई पस्तिशीला टेकलेला, अबोल आणि मासेमारीची आवड असलेला. त्यालाही तरुणपणी आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्ड मठात जायचे होते, पण लॅटिन येत नाही म्हणून त्यालाही परत पाठवले होते. नाकारलेले असे हे दोघे. एप्रिलमध्ये सेंट लिओनार्ड पुलावर झेलीने त्याला समोरून येताना पाहिले आणि हाच तो, असे तिला वाटले. १२ जुलैच्या मध्यरात्री नोत्र दाम चर्चमध्ये त्यांचे लग्न लागले. त्याच दिवशी ती मठात बहिणीला भेटायला गेली आणि खूप रडली. आपले मन अजून मठातच आहे हे तिला तिथे कळले. पहिले दहा महिने दोघे भावाबहिणीसारखे राहिले. पुढे एका धर्मगुरूंनी समजावल्यावर त्यांनी आईबाप होण्याचे पाचारण मनापासून स्वीकारले.

एकूण नऊ मुले झाली. मारी, पोलीन, लिओनी, सेलीन व तेरेजा या पाच मुली जगल्या. पुढे धर्मगुरू आणि मिशनरी व्हावा म्हणून ज्याच्यासाठी संत योसेफाकडे प्रार्थना केली, तो मुलगा पाच महिन्यांचा होऊन गेला. दुसऱ्यालाही योसेफ नाव दिले, तोही वर्षाच्या आत गेला. पाच वर्षांची एलेन १८७० च्या फेब्रुवारीत वारली आणि त्याच वर्षी आणखी एक तान्ही मुलगी. साडेतीन वर्षांत चार लहान शवपेट्या घरातून निघाल्या. ही मुले झालीच नसती तर बरे, असे शेजारीपाजारी सांत्वन करीत. झेलीला ते अजिबात सहन होत नसे. मुले गमावलेली नाहीत, स्वर्गात भेटायची आहेत, अशी तिची खात्री होती. तरी एलेनच्या जाण्याने ती पार खचली होती, हे तिच्या पत्रांतून लपत नाही.

तिची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. ही पत्रे मला तिच्या कित्येक चरित्रांपेक्षा जास्त आवडतात. चरित्रांतील झेली नेहमी हात जोडून बसलेली असते. पत्रांतील झेली दमते, चिडते, स्वतःवर हसते, भावाला उपदेश करते आणि पत्र मध्येच थांबवते, कारण दारात कामकरी बाई आलेली असते. पहाटे साडेपाचच्या मिस्सेला नवऱ्याबरोबर जायचे आणि रात्री मुले झोपल्यावर दिव्याखाली जोडणी करीत बसायचे, हा तिचा रोजचा क्रम. ऑर्डरी जास्त आल्या की आपण गुलाम झालो असे तिला वाटे. ऑर्डरी थांबल्या की कष्टाने जमवलेल्या बायका दुसरीकडे जातील, त्यांच्या चुली कशा पेटतील, ही काळजी. हा धंदा आपल्याला सुखाने जगू देत नाही असे तिने लिहिले आहे. आणि खिडकीशी बसून लेस जोडण्याइतका आनंद दुसऱ्या कशात नाही, असेही तिनेच लिहिले आहे. दोन्ही खरे होते. हौसेचे काम कंटाळा आला की बाजूला ठेवता येते. तिच्या दोऱ्याला पंधरा-वीस घरांची भाकरी बांधलेली होती.

दर गुरुवारी या बायका खेड्यांतून आलांसोंला येत. गुरुवार हा बाजाराचा दिवस. केलेले तुकडे द्यायचे, मजुरी घ्यायची, नवा दोरा व नवी नक्षी न्यायची. झेली त्यांना घरच्या माणसांसारखे मानी. कोणी आजारी पडली तर रविवारी प्रार्थनेनंतर तिच्या घरी जाई. मजुरी वेळच्या वेळी द्यायची, यावर तिचा आणि लुईचा कटाक्ष होता. लुई तर रविवारी दुकान उघडतच नसे. रविवारीच गिऱ्हाईक जास्त येते असे मित्रांनी सांगितले तरी त्याने ऐकले नाही. झेलीचे काम वाढत गेले, तेव्हा १८७० मध्ये त्याने घड्याळाचे दुकान पुतण्या-भाच्यांपैकी एकाला देऊन टाकले आणि बायकोच्या धंद्याचे हिशेब, प्रवास व पॅरिसच्या फेऱ्या अंगावर घेतल्या. नवऱ्याने बायकोच्या धंद्यात हाताखाली काम करायचे! आज आपल्या गावाकडे हे किती जणांना जमेल?

लगेच युद्ध पेटले. १८७१ च्या जानेवारीत प्रशियाचे सैन्य आलांसोंत शिरले आणि मार्टिन यांच्या घरात नऊ सैनिक उतरवले गेले. लेसची मागणी बंदच झाली. पुढे काम पुन्हा सुरू झाले.

२ जानेवारी १८७३ रोजी तेरेजा जन्मली. झेली एकेचाळीस वर्षांची होती आणि तिला अंगावर पाजता येत नव्हते. मार्चमध्ये बाळ मरणाला टेकले. डॉक्टर म्हणाले की दाईचे दूध मिळाले तरच काही आशा. लुई गावाला गेलेला. झेली पहाटे एकटीच पायी सेमाले या खेड्याकडे निघाली. तिथे रोझ तैये ही शेतकरी बाई राहत होती. ती तिला घेऊन आली. बाळाकडे पाहून रोझने मान हलवली, आता उपयोग नाही अशा अर्थाने. झेली वरच्या खोलीत गेली, संत योसेफाच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून रडली, आणि देवाची इच्छा असेल तसे होवो असे म्हणून परत खाली आली. बाळ पीत होते. थोड्या वेळाने ते मान टाकून असे निपचित पडले की सगळ्यांना ते गेलेच वाटले. मग तेरेजाने डोळे उघडले आणि आईकडे पाहून हसली.

त्यानंतर साधारण एक वर्ष तेरेजा रोझच्या शेतावर वाढली. गुरुवारी रोझ लोणी विकायला बाजारात आली की बाळाला आईकडे सोडी. बाळ मात्र रडून घर डोक्यावर घेई, कारण तिची आई आता रोझ होती! एका गुरुवारी लेसच्या बायका जमल्या असताना झेलीने तिला एकीच्या हातातून दुसरीच्या हातात दिले, आणि बाळ खूश झाले. खेड्यातला वेष, खेड्यातले चेहरे तिच्या ओळखीचे होते. आपल्यापेक्षा तिला याच आवडतात, असे झेलीने गमतीने कळवले आहे. पण आपल्या पोटच्या मुलीला परके होऊन पाहणाऱ्या आईला त्यात फक्त गंमतच वाटली असेल असे मला वाटत नाही. पुढे सगळ्या जगाच्या मिशनकार्याची आश्रयदाती झालेली ही संत एका गुरुवारी लेस करणाऱ्या गरीब बायकांच्या मांडीवर शांत झाली, ही गोष्ट आपण जपून ठेवावी अशी आहे.

तिसरी मुलगी लिओनी ही झेलीचे मोठे दुःख होते. ती आजारी, अभ्यासात मागे, हट्टी होती आणि शाळेतून परत पाठवली जाई. आईचे ऐकेना, मोलकरणीचे मात्र ऐके. १८७७ मध्ये थोरल्या मारीच्या लक्षात आले की ही मोलकरीण लिओनीला गुपचूप धाकदपटशा दाखवून मुठीत ठेवते आहे. अनेक वर्षे घरातच असलेल्या आईला ते दिसले नव्हते. झेलीला फार वाईट वाटले. तिने लिओनीला जवळ घेतले आणि थोड्याच दिवसांत ती हट्टी मुलगी आईला सोडेनाशी झाली. पण आता दिवस थोडे उरले होते.

छातीत गाठ असल्याचे झेलीने १८६५ मध्येच भावाला कळवले होते. भाऊ औषधविक्रेता होता. तेव्हा काही झाले नाही आणि संसार, बाळंतपणे, लेस यांत ते मागे पडले. १८७६ च्या डिसेंबरमध्ये ती डॉक्टरकडे गेली तेव्हा उशीर झालेला होता. डॉक्टरांनी औषध लिहून दिले. याचा काय उपयोग, असे तिने विचारले. काहीच नाही, रोग्याच्या समाधानासाठी देतो, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. लिझ्यूच्या शस्त्रवैद्यांनीही शस्त्रक्रियेची वेळ गेली असे सांगितले. भगिनींनो, इथे थोडे थांबून एक सांगावेसे वाटते. दीडशे वर्षांपूर्वी याला इलाज नव्हता, आज आहे. गाठ लागली तर घरच्या कामांचे निमित्त करून दिवस काढू नका, त्याच आठवड्यात दवाखान्यात जा.

फेब्रुवारी १८७७ मध्ये मठातली बहीण वारली. जूनमध्ये झेली तिन्ही मोठ्या मुलींना घेऊन लूर्दला गेली. आगगाडीचा लांबचा प्रवास, वेदना आणि वाटेत पडणेझडणे. लूर्दच्या थंडगार पाण्यात ती चार वेळा उतरली, पण बरी झाली नाही. मुली रडवेल्या झाल्या होत्या आणि परतीच्या वाटेवर धीर देणारी तीच होती. ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी भिंतींचा आधार घेत ती मिस्सेला गेली. २६ ऑगस्टला तिला अंतिम अभ्यंग देण्यात आला. लहानगी तेरेजा तेव्हा खोलीत होती आणि तो प्रसंग तिला जन्मभर आठवत राहिला. २८ ऑगस्ट १८७७ रोजी मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने झेलीने प्राण सोडला. ती पंचेचाळीस वर्षांची होती आणि तेरेजा साडेचार वर्षांची.

लुईने त्याच वर्षी मुलींना घेऊन लिझ्यू गाठले. १८८२ मध्ये पोलीन, १८८६ मध्ये मारी, १८८८ मध्ये तेरेजा आणि वडिलांच्या मृत्यूनंतर १८९४ मध्ये सेलीन अशा चौघी तिथल्या कार्मेल मठात गेल्या. लिओनी अनेकदा मठात जाऊन परत आली आणि अखेर १८९९ मध्ये कायमची व्हिजिटेशन मठात, म्हणजे आपल्या मावशीच्या संघात, दाखल झाली. तिच्या संतपदाची प्रक्रिया २०१५ मध्ये सुरू झाली आहे.

लुई व झेली यांना १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे धन्य घोषित करण्यात आले आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये दोघांना एकत्र संतपद दिले. आलांसोंमधले सेंट ब्लेज रस्त्यावरचे त्यांचे घर भाविकांसाठी खुले आहे. त्याच शहरात १९७६ पासून चालणाऱ्या सरकारी कार्यशाळेत मोजक्या कारागीर स्त्रिया आजही जुन्या पद्धतीने, चर्मपत्रावर भोके पाडून, सुईने ही लेस करतात.